परसातला डिस्क गोल्फ: बास्केट दोन, टी सहा

डिस्क गोल्फला मुळात तीनच गोष्टी लागतात: फ्रिस्बीसारखी डिस्क, फेकायला उभं राहण्याची ठरलेली जागा (तिला टी म्हणतात) आणि समोर लक्ष्य. साखळ्यांची बास्केट, म्हणजे खांबाला टांगलेल्या साखळ्या आणि खाली डिस्क झेलणारी तळी, त्यात नंतर आली. एड हेड्रिक यांनी ती १९७० च्या दशकात घडवली. कॅलिफोर्नियातला ओक ग्रोव्ह हा पहिला कायमचा कोर्स १९७५ सालचा, आणि पीडीजीए ही खेळाची संघटना १९७६ ची. त्याआधी लोक झाडांवर, खांबांवर, कचऱ्याच्या डब्यांवर नेम धरत होतेच. म्हणून घराच्या मागे कोर्स करायचा ठरला की लगेच बास्केट मागवू नका. बास्केट कुठे शोभून दिसेल यावरून परसातला कोर्स ठरत नाही. चुकलेली डिस्क कुठे जाते, यावरून तो ठरतो. खिडकी, रस्ता, शेजाऱ्यांची बाग आणि लहान भावंडं यांचा हिशेब आधी, बाकी सगळं नंतर.

आधी चुका मोजा

बादली स्टुलावर ठेवा किंवा काठीला फडकं बांधून ती जमिनीत रोवा. साधारण ८२ सेंटिमीटर उंची धरा, कारण बास्केटच्या तळीची वरची कड त्याच उंचीवर असते. आता घरातल्या प्रत्येकाने एकाच जागेवरून वीस-वीस डिस्क फेकायच्या आणि प्रत्येक डिस्क जिथे थांबली तिथे एक काडी रोवायची. प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची चिंधी. हे काम मुलांकडे द्या. मोजमापात त्यांचा हात कंटाळेपर्यंत चालतो, आणि आपल्या फेकीचा नकाशा स्वतः पाहिला की पुढे टी कुठे ठेवायची यावरून वाद होत नाहीत.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा मागे नेऊन पुढे झटका देत फेकणाऱ्याच्या चुकांना एक ठरावीक वळण असतं. डिस्क हातातून लवकर सुटली तर डावीकडे जाते, उशिरा सुटली तर उजवीकडे. वेग उतरला की ती शेवटी डावीकडेच कलते. त्यामुळे डाव्या बाजूला काड्या जास्त दिसतील. डावखुऱ्यांचं याच्या बरोबर उलट. नवख्यांसाठी लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांचा त्रिकोण धरावा. १५ मीटरच्या होलवर (टीपासून लक्ष्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) तो त्रिकोण बाजूला जवळजवळ पावणेनऊ मीटर पसरतो, हे बहुतेकांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त आहे. त्या त्रिकोणात कुंपण आलं तर चालेल. काच, पायवाट, उभी गाडी किंवा दुसरी टी येता कामा नये.

मागची बाजूही मोजा. नवखा माणूस डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर करून फेकतो. मग ती उंच चढते, जागच्या जागी थबकते आणि खाली येते. किंवा समोरून वारा असेल तर तरंगत लक्ष्याच्या पार जाते. पाठीमागून वारा असेल तर तीच डिस्क लवकर खाली बसते. म्हणून काड्या एकाच दिवशी रोवून थांबू नका. वारा ज्या दिवशी वेगळ्या दिशेने असेल त्या दिवशी पुन्हा फेकून बघा.

डिस्कची निवड इथेच पक्की करा. परसात फक्त पटर (जवळच्या फेकीची डिस्क), फार तर मिडरेंज (मध्यम पल्ल्याची). लांब फेकीच्या ड्रायव्हरला घरात बंदी. ड्रायव्हरची कड पातळ आणि टणक असते, ती वेगाशिवाय सरळ जात नाही, आणि १५ मीटरच्या होलवर तिचं काही काम नाही. मोठ्यांना १६५ ते १७५ ग्रॅमचे पटर बरे पडतात, मुलांना १५० ग्रॅमच्या आतले. (पीडीजीएच्या नियमात वजनाची मर्यादा व्यासावर आहे: दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. २१ सेंटिमीटरच्या डिस्कला म्हणजे १७४ ग्रॅम.) प्लास्टिक मऊ घ्या. मऊ पटर साखळीत चिकटून बसतो आणि जमिनीवर पडल्यावर कमी घरंगळतो.

दोन बास्केट पुरतात

नऊ होल म्हणजे नऊ बास्केट, हा हिशेब परसात चालत नाही. जागा कोंदटते, गवत कापायला अडचण होते आणि प्रत्येक बास्केट दुसऱ्या होलच्या आड येते. टी वाढवणं स्वस्त आणि सोपं आहे. दोन बास्केट आणि सहा टी एवढ्यात नऊ वेगळे होल सहज बसतात, कारण काही टींवरून दोन्ही बास्केटवर खेळता येतं.

समजा, मोकळी जागा २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे आणि घर एका आखूड बाजूला आहे. दोन्ही बास्केट घरापासून लांबच्या भागात ठेवा: पहिली घरापासून १३ मीटरवर आणि उजव्या कुंपणापासून ३ मीटर आत, दुसरी घरापासून १७ मीटरवर आणि डाव्या कुंपणापासून ३ मीटर आत. टी घराच्या बाजूला, कडेपासून एक मीटर आत. घराकडच्या कडेच्या मध्यावरून दुसरी बास्केट साधारण १६ मीटर पडते. घराजवळच्या उजव्या कोपऱ्यातून पहिली १२ मीटर, डाव्या कोपऱ्यातून तीच पहिली साडेचौदा. डाव्या कुंपणालगत सात मीटर पुढे टी घेतली तर तिथून दोन्ही बास्केट दहा-दहा मीटरवर येतात, एक तिरकी आणि एक समोर. एकही फेक घराच्या दिशेने जात नाही. जाळी लागलीच तर फक्त पलीकडच्या १२ मीटरच्या बाजूला लागते, आणि हीच या मांडणीची खरी बचत आहे.

जाळी ३ मीटर उंच, ५ सेंटिमीटर भोकांची, आणि ताणलेली नको. ताणलेल्या जाळीवरून डिस्क उलटून फेकणाऱ्याच्या अंगावर येते. वरून सैल सोडलेली आणि तळाला हातभर जास्तीची जाळी डिस्कला झेलून खाली सोडते.

पुढची टी आधीच्या बास्केटजवळ असावी, पण आधीच्या फेकीच्या त्रिकोणात नसावी. या दोन अटी एकमेकींशी भांडतात. भांडण झालं की सुरक्षेची अट जिंकली पाहिजे, चार पावलं जास्त चालावी लागली तरी.

आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १ मीटर धरून सगळं काढा. मग दोन आठवडे बादल्या आणि काठ्यांवरच खेळा. या दोन आठवड्यांत निदान दोन टी हलतील. खणून खडी बसवल्यावर त्या हलवायला नको वाटतं, म्हणून ही घाई करू नका.

बास्केट

तयार बास्केट मिळतात आणि त्या चांगल्या असतात. पण घरच्यांनी मिळून करायचं काम हवं असेल तर निदान एक तरी हाताने बनवावी. सायकलच्या जुन्या चाकापासून होणारी बास्केट सगळ्यात समाधानकारक आहे, कारण साखळ्या टांगायचं गोल कडं आयतं मिळतं.

सामान एका बास्केटचं: २६ इंची सायकलचं पुढचं चाक, टायर-ट्यूब काढून, स्पोकसकट. दीड इंची जीआय पाइप (बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर), १६५ सेंटिमीटर. झिंक चढवलेली, ४ मिलिमीटर जाडीच्या तारेची साखळी १२ मीटर, कडीची आतली लांबी १६ मिलिमीटर. एस-आकाराचे हूक १८. बांधायची तार. ४ मिलिमीटरच्या सळईचं १० सेंटिमीटर व्यासाचं एक कडं. तळीसाठी ६५ सेंटिमीटर तोंडाचा आणि २० सेंटिमीटर खोलीचा प्लास्टिकचा टब, त्याखाली १२ मिलिमीटर प्लायवूडची ४० सेंटिमीटरची गोल चकती.

पाइपच्या वरच्या टोकाला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर वर तोंड केलेला ८ मिलिमीटर जाडीचा १५ सेंटिमीटर लांब बोल्ट वेल्डिंग करून घ्या. चाकाचा एक्सल काढून टाका, हब त्या बोल्टवर बसवा, खाली-वर रुंद वॉशर घाला आणि नट करकचून आवळा. इथे हमखास चूक होते. बेअरिंग तशीच ठेवून नट सैल राहिला तर चाक फिरतं, आणि थोड्याच दिवसांत साखळ्या पाइपला पीळ घालून बसतात. चाक हलता कामा नये.

रिमच्या खालच्या कडेला दर तिसऱ्या स्पोकसमोर ५ मिलिमीटरचं भोक पाडा. ३६ स्पोकच्या चाकात अशी बारा भोकं होतात, आणि दोन साखळ्यांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर पडतं. डिस्क २१ सेंटिमीटर रुंद आणि आडवी येते, म्हणून सरळ आलेली डिस्क मधून निसटू शकत नाही. तिरकी मात्र निसटते. त्यासाठी आतल्या सहा साखळ्या: हबपासून साधारण १४ सेंटिमीटरवर स्पोकला तारेने घट्ट बांधून हूक अडकवा. प्रत्येक आतली साखळी बाहेरच्या दोन साखळ्यांच्या मधल्या फटीत दिसली पाहिजे.

साखळी टेपने मोजू नका, कड्या मोजा. बाहेरच्या प्रत्येक साखळीला ४१ कड्या, आतल्या प्रत्येकीला ३८. मोठी माणसं कापतील, मुलं मोजतील आणि खडूने खुणा करतील. प्रत्येक कापाला एक कडी वाया जाते. अठरा तुकड्यांना सतरा काप, म्हणजे पाऊण हातापेक्षाही कमी साखळी वाया जाते आणि १२ मीटरमध्ये सगळं बसतं. एक कडीसुद्धा कमी-जास्त झाली तर ती साखळी एकटीच ताणलेली किंवा लोंबलेली राहते, आणि त्या बाजूने डिस्क बाहेर पडत राहतात. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. तुटलेली कडी कुठेही उडते.

आता सगळ्या अठरा साखळ्यांची खालची टोकं त्या १० सेंटिमीटरच्या कड्यात ओवा आणि कड्याची टोकं एकावर एक घेऊन तारेने गुंडाळा. कडं पाइपभोवती मोकळं राहिलं पाहिजे. ते पाइपला आवळून बांधायचा मोह होतो, कारण तसं केलं की बास्केट नीटनेटकी दिसते. बांधू नका. डिस्क साखळीला लागते तेव्हा साखळी मागे हटते, कडं पाइपवर दोन-तीन बोटं वर सरकतं, आणि या हालचालीत डिस्कचा जोर जिरतो. मग ती साखळ्या घासत तळीत उतरते. कडं बांधलेलं असेल तर साखळ्या हटत नाहीत. डिस्क खणकन् आपटते, उलटते, तळीच्या कडेला लागते आणि बाहेर. नेम बरोबर असूनही डिस्क बाहेर पडत असेल तर आधी हे कडं तपासा, मग साखळीची लांबी. रिमपासून कड्यापर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा साखळी दहा टक्के लांब असावी. साखळीच्या कड्यांची वर दिलेली संख्या तशीच काढली आहे.

फार बारीक साखळी घेतली तर उलटा त्रास होतो. डिस्क ती बाजूला सारून आरपार जाते किंवा थेट पाइपवर आदळते.

टबच्या तळाला मधोमध पाइपएवढं भोक आणि भोवती पाणी जायला आठ-दहा लहान भोकं पाडा. पाइपमधून एकमेकांना काटकोनात दोन बोल्ट आरपार घाला, त्यांवर प्लायवूडची चकती, चकतीवर टब. बोल्टची भोकं अशा उंचीवर घ्या की टबची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर येईल. लहान मुलं खेळणार असली तरी उंची कमी करू नका. त्यांची टी जवळ आणा. उंचीचा हात एकदा बसला की बाहेरच्या कोणत्याही कोर्सवर तो उपयोगी पडतो. प्लास्टिकचा टब उन्हाने कडक होऊन तडकतो. तो तडकला की जाळीची तळी करा: ५ सेंटिमीटर चौकटीची वेल्डेड जाळी, २० सेंटिमीटर उंच आणि २ मीटर १० सेंटिमीटर लांब पट्टी वळवून, खाली त्याच जाळीचा गोल तुकडा. कापलेली टोकं कानशीने घासा, नाहीतर डिस्क काढताना हाताला ओरखडे ठरलेले.

खड्डा आणि बाही

पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरू नका. जमिनीत दोन इंची पाइपची ४५ सेंटिमीटरची बाही पुरा. तिचा आतला व्यास ५२-५३ मिलिमीटर असतो, त्यात ४८ मिलिमीटरचा खांब सुखाने उतरतो. दोन बास्केटसाठी चार-पाच बाह्या पुरल्या की बास्केट उचलून दुसरीकडे लावता येते, आणि कोर्स एका मिनिटात बदलतो.

खणण्याआधी पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन कुठून गेली आहे ते पक्कं माहीत करून घ्या. खड्डा २५ सेंटिमीटर रुंद, ५० खोल. तळाला ५ सेंटिमीटर खडी, म्हणजे बाहीत शिरलेलं पाणी मुरेल. काँक्रीट आत शिरू नये म्हणून बाहीचं खालचं तोंड चिकटपट्टीने तात्पुरतं बंद करा (काँक्रीट बसलं की वरून सळईने पट्टी फोडा), ते खडीत टेकवा, आणि वरचं तोंड जमिनीच्या पातळीला ठेवा. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, एका खड्ड्याला साधारण २० लिटर, त्यात ७ किलोच्या आसपास सिमेंट. काँक्रीट जमिनीपेक्षा ३ सेंटिमीटर खाली थांबवा, वरून माती घाला, गवत पुन्हा येतं. सिमेंटमध्ये उघडा हात घालू नका, कातडी भाजते. मुलांनी इथे पाणसळ धरायची: बाहीत खांब उभा करून दोन दिशांनी सरळ आहे का ते बघायचं. बाही एक अंश कलली तर १३५ सेंटिमीटर उंचीवरचं चाक २.४ सेंटिमीटर बाजूला जातं, आणि साखळ्या एका बाजूला ढिल्या पडतात. दोन दिवस हात लावू नका, आठवडाभर पाणी मारत राहा.

खांबाच्या खालच्या टोकापासून ३५ सेंटिमीटरवर एक बोल्ट आरपार घाला. तो बाहीच्या तोंडावर टेकतो, म्हणून खांब तळाच्या चिखलात बसत नाही. बाहीच्या तोंडाला कानशीने दोन खाचा करा, बोल्ट त्यांत अडकतो आणि बास्केट गोल फिरत नाही. रिकाम्या बाहीला लाकडी बूच हवं. उघड्या तोंडात पाय अडकून घोटा मुरगळतो.

जागा भाड्याची असेल तर जुन्या टायरमध्ये मधोमध बाही उभी करून काँक्रीट भरा. कडेवर उभं करून घरंगळवत हलवता येतं.

टी, आणि घरचे नियम

परसात धावत येऊन फेकायची गरज नाही, म्हणून टी १ बाय दीड मीटर पुरते. १० सेंटिमीटर खणून ७ सेंटिमीटर खडी आणि ३ सेंटिमीटर बारीक कच धुम्मस करून बसवा, पाणी जायला मागच्या बाजूला किंचित उतार. पुढची कड जमिनीच्या बरोबरीने असावी. उंचवटा राहिला तर फेकल्यानंतर पुढे पडणारं पाऊल अडखळतं. साधी रबरी चटई खिळ्यांनी ठोकली तरी चालेल, पण पावसात तिच्याखाली चिखल होतो.

प्रत्येक होलला मुलांची वेगळी टी ठेवा, वेगळ्या रंगाची. कसोटी अशी: सगळ्यात लहान खेळाडूला दोन फेकींत तळीजवळ पोचता आलं पाहिजे. पार, म्हणजे होल पुरा करायला धरलेल्या फेकी, तीन ठेवण्यात अर्थ नाही. दहा-पंधरा मीटरला मोठ्या माणसाचा पार दोनच.

नियम अधिकृतच घ्या, फार छाटू नका. डिस्क थांबली तिथे खूण ठेवायची आणि पुढची फेक खुणेच्या मागे उभं राहून करायची. लक्ष्यापासून १० मीटरच्या आत फेक केल्यावर तोल सांभाळून थांबायचं, मगच पुढे जायचं. परसात जवळजवळ सगळा खेळ या दहा मीटरच्या आतलाच, म्हणून हा नियम मोठ्यांना लावा, लहानांना सोडा. हद्दीबाहेर गेली की एक फेक दंड. फुलझाडांचा वाफा दोरी लावून हद्दीबाहेर ठरवला तर वाफाही वाचतो आणि होलही अवघड होतो. फेकीच्या रेषेत कोवळं झाड असेल तर खोडाला काथ्याची चटई गुंडाळा. सारखी डिस्क लागून साल सुटते. आणि एक नियम ज्याला सूट नाही: फेकणाऱ्याच्या पुढे कोणीही उभं राहायचं नाही.

देखभाल

वाऱ्याने साखळ्या रात्रभर वाजतात. त्या एकत्र धरून एक पट्टा गुंडाळून ठेवा, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही. महिन्यातून एकदा चाकाचा नट, तळीचे बोल्ट आणि हुकांची तोंडं बघा. हूक उघडत चालले असतील तर पक्कडीने दाबून बंद करा. कापलेल्या कड्यांच्या टोकांवर झिंक उडालेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो, तिथे झिंकचा रंग लावा. गवत ५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवलं तर डिस्क कडेवर घरंगळत लांब जात नाही. बास्केटभोवतीचं गवत पायांखाली झिजून माती दिसू लागली की खांब उचलून दुसऱ्या बाहीत लावा, आणि ती जागा भरून येईपर्यंत तिकडे खेळू नका.